कागद चालवण्याचे तेरा दिवस

टागालोगमध्ये सरकारी काम करून घेण्याला ‘कागद चालवणं’ म्हणतात. कागद आपणहून कुठंच जात नाहीत. लहान पोराचं बोट धरून न्यावं तसं त्यांना या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत चालवत न्यावं लागतं. २०२४च्या मार्चमध्ये मी असे कागद चालवले, ११ तारखेपासून २३ तारखेपर्यंत. तेरा दिवस. आई म्हणते, तेरा नको म्हणूस, दोन आठवडे म्हण.

आधी घरची ओळख करून देते. मी फिलिपिनो आहे, लागुना प्रांतातल्या लॉस बान्योसची. आई दापोलीची. कोकण कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. करून ती १९९५ साली इथल्या विद्यापीठात पीएच.डी.ला आली. पीएच.डी. राहिली ती राहिलीच, कारण भाताच्या प्रयोगशेतांवर रोजंदारीनं काम करणारा एक माणूस तिला भेटला. तेच माझे तातय, म्हणजे बाबा. आता ते ट्रायसिकल चालवतात, म्हणजे मोटरसायकलला बाजूची डबी जोडलेली आमच्याकडची रिक्षा. आई घरी गणिताच्या शिकवण्या घेते. मी अलाबांगला कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करते. मराठी हे आईचं आणि माझं दोघींचंच. तातयना त्यातलं ‘पुरे’ आणि ‘गप बस’ एवढं नीट कळतं.

इथं शिकायला आलेली मराठी मुलं आणि लग्न होऊन आलेल्या दोन-तीन जणी आईला अधूनमधून विचारतात, हॉस्पिटलचं मोठं बिल आलं तर काय करता हो तुम्ही लोक? फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहिते आहे. नियम बदलत असतात. जुलै २०२५मध्ये राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं की आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत साध्या वॉर्डात राहिलेल्या रुग्णाला काहीच भरावं लागणार नाही. पण तशा रुग्णालयात खाट मिळाली तर. आम्हाला मिळाली नव्हती.

५ मार्च, मंगळवार. रात्री अकरा वाजता कामावर आईचा फोन आला. तातयच्या पोटात दोन दिवस दुखत होतं. त्यांनी तेल चोळलं, आईनं ओवा दिला आणि दोघांनी मिळून मला काही सांगितलं नाही. अपेंडिक्स फुटलं होतं. शेजारच्या कूयानं (कूया म्हणजे दादा, आणि मोठ्या बहिणीला इथं ‘आते’ म्हणतात, ज्यावरून दापोलीत माझा कायम गोंधळ होतो) तातयना त्यांच्याच ट्रायसिकलमध्ये घालून आधी सरकारी रुग्णालयात नेलं. तिथं खाट नव्हती. मग खासगीत. काउंटरवरच्या मुलीनं गोड आवाजात वीस हजार पेसो डिपॉझिट मागितलं. एक पेसो म्हणजे तेव्हा साधारण दीड रुपया. मी अलाबांगहून फोनवरूनच जीकॅशनं पैसे पाठवले. तातडीच्या रुग्णाकडून उपचाराआधी डिपॉझिट मागायचं नाही असा कायदा इथं आहे, २०१७ साली तो आणखी कडक झाला, हे मला पुढं आठवड्यानं कळलं. तुम्हाला आजच कळलेलं बरं. अर्थात अपरात्री, माणूस कण्हत असताना, कायदा काढून दाखवण्याइतका धीर कुणाला असतो म्हणा.

बुधवारी पहाटे ऑपरेशन झालं. पू पोटभर पसरला होता. पाच दिवस आयसीयू. त्यानंतर कुठल्या खोलीत हलवायचं असं विचारायला आले तेव्हा एका नर्सनं मला जिन्यात गाठून हळूच सांगितलं, “वॉर्डच घ्या. खासगी खोली घेऊ नका, कितीही वाटलं तरी.” बिल थकलं म्हणून रुग्णाला अडकवून ठेवायला २००७च्या कायद्यानं बंदी आहे. हमीपत्र लिहून दिलं की सोडावं लागतं. पण खासगी खोलीत राहिलेल्याला हे संरक्षण नाही. त्या नर्सचं नाव मला आजही माहीत नाही. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोलाचा सल्ला तिचा होता.

सोमवारी, ११ मार्चला मी बिलाचा चालू आकडा काढून आणला. दोन लाख एकसष्ट हजार, आणि मीटर पडतच होता. माझ्या कंपनीचं आरोग्य कार्ड आहे, पण त्यात आईवडील धरलेले नाहीत. घरात साठवलेले पंचावन्न हजार, डिपॉझिटचे वीस त्यातच धरून. दिनदर्शिकेत पाहिलं तर २४ तारखेला पाम संडे, म्हणजे ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहाची सुरुवात, पुढच्या गुरुवार-शुक्रवारी सगळी कार्यालयं बंद. म्हणजे पवित्र सप्ताहाच्या आत सुटका झाली नाही तर आठवडाभराचं खाटभाडं उगाच चढणार.

हॉस्पिटलच्या समाजसेविकेकडे पहिल्याच दिवशी गेले ते बरं झालं. तिनं एक यादी दिली: आम्ही या-या कार्यालयांची ‘जीएल’ स्वीकारतो. जीएल म्हणजे गॅरंटी लेटर. रोख पैसे कुणी देत नाही. ‘या रुग्णाच्या बिलातले इतके आम्ही भरू’ असं पत्र हॉस्पिटलच्या नावानं मिळतं. प्रत्येक हॉस्पिटल प्रत्येकाचं पत्र घेत नाही, त्यामुळे यादी आधी, रांग नंतर. माझ्यापुढची एक बाई दोन दिवस घालवून आणलेलं पत्र घेऊन रडत परत गेली.

सगळ्या पत्रांच्या मुळाशी एकच कागद असतो, बारांगायचा निर्धनतेचा दाखला. बारांगाय म्हणजे आपली ग्रामपंचायत किंवा वॉर्ड समजा. हा दाखला फुकट मिळतो. पण घरून निघताना आईनं अडवलं.

“निर्धन असं लिहून घ्यायचं? आपण?”

“आई, तो नुसता फॉर्म आहे.”

“माझ्या बापानं सावकाराकडून बी घेतलं नाही कधी. आणि तू सही-शिक्क्यानिशी दरिद्री होऊन ये.”

टागालोगमध्ये लाजेला ‘हिया’ म्हणतात. मराठीत हिय्या करायचा असतो, तिथं हिया वाटायची असते. मी हिय्या केला आणि हिया वाटतच गेले. कापितान, म्हणजे बारांगायचे प्रमुख, मीटिंगला गेले होते. सहीसाठी दुपारी चारपर्यंत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. तिथल्या बाईनं न विचारता पाच प्रती काढून दिल्या. “प्रत्येक ठिकाणी मूळ प्रत लागते, पोरी. नंतर परत येशील.” हे खरं निघालं. शिवाय जवळ ठेवा: रुग्णाचं आणि तुमचं ओळखपत्र, रुग्णाच्या सहीचं अधिकारपत्र, सगळ्याच्या पाच-पाच झेरॉक्स, लांब तपकिरी पाकीट आणि स्वतःचं पेन. पेन कुणी देत नाही. तुमचं मात्र सगळे मागतात, आणि ते देता देता निम्म्या रांगेशी ओळख होते.

मंगळवारी गावच्या समाजकल्याण कार्यालयात मुलाखत. मोठी रक्कम हवी असेल तर त्यांचा ‘सोशल केस स्टडी रिपोर्ट’ जोडावा लागतो. समाजसेविका माझ्याच वयाची. घरात किती माणसं, घर स्वतःचं का, छप्पर कशाचं, आई कुठली, तिचा व्हिसा कोणता, असं विचारत टाइप करत होती. मग उत्पन्न. मी माझा मूळ पगार सांगितला, साडेसतरा हजार. रात्रपाळीचा भत्ता सांगितला नाही. आईच्या शिकवण्यांचे सात-आठ हजार येतात तेही नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. मी जे सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं, फक्त ते अर्धं होतं.

हे इथं लिहावं की नाही यावर मी बराच वेळ घालवला. लिहिते, कारण ज्यांना विचारलं जाणार आहे त्यांनी आधी ठरवून जावं. खुर्चीवर बसल्यावर तोंड आपोआप चालतं.

बुधवारी तातयचं ज्येष्ठ नागरिक कार्ड. साठ पूर्ण झाल्यावर हॉस्पिटलच्या बिलात आणि औषधांत वीस टक्के सूट आणि वर व्हॅट माफ. तातय बासष्टचे, पण कार्ड काढलं की म्हातारा झालो असं लोक म्हणतील म्हणून दोन वर्षं टाळलेलं. बिलिंगवाले म्हणाले, कार्ड दाखवा. फोटो हवा होता. नर्सनं मागं पांढरी चादर धरली आणि मी फोनवर काढला. त्या कार्डावर नाकातल्या नळीचा ठसा गालावर दिसतो. तातय आता ते कार्ड बेकरीत पाव घेतानाही पुढं करतात. घरातल्या साठीच्या माणसाचं कार्ड आजच काढून ठेवा, फुकट असतं. फिलहेल्थ म्हणजे सरकारी आरोग्यविमा, त्यात ज्येष्ठ आपोआप येतात. पण नोंद जुनी असेल तर सदस्याचा डेटा आधी दुरुस्त करून घ्यावा लागतो. आमचा अर्धा दिवस त्यात गेला. आमचे एकतीस हजार दोनशे त्यातून वजा झाले. नुकतेच फेब्रुवारीत त्यांनी दर तीस टक्क्यांनी वाढवले होते, तेवढं नशीब.

तोवर गल्लीत बातमी पसरली होती. गुरुवारी संध्याकाळी मी झोपेतून उठून कामावर निघायच्या बेतात होते, तर दारात तातयच्या ट्रायसिकल संघटनेचे तिघे उभे. हेल्मेटमध्ये पैसे गोळा केलेले. नाणीसुद्धा. त्यांच्यामागं चर्चमधल्या बायका, मग शिकवणीच्या पोरांच्या आया. कुणी पन्नास, कुणी पाचशे. एकजण तांदूळ घेऊन आला. आईनं लगेच जुनी वही काढली आणि लिहायला बसली. नाव, रक्कम. आहेराची वही. दापोलीत लग्नाच्या मांडवात एक काका टेबल टाकून बसतात तसं.

“कशाला लिहितेस?”

“परत करायचं असतं. त्यांच्या घरी काही निघालं की वही बघायची.”

इथं याला ‘उतांग ना लोओब’ म्हणतात. उतांग म्हणजे कर्ज, लोओब म्हणजे आत. आतलं ऋण. ते आकड्यात फिटत नाही आणि ते विसरणाऱ्या माणसाला निर्लज्ज म्हणतात. टागालोगमधली शिवी शब्दशः अशी आहे: ‘जाड तोंडाचा’. तोंडाला शब्द ‘मुखा’. आईचा हा जुना छंद आहे. मुखा, गुरो, आसा म्हणजे आशा, बुधी, अशी संस्कृतातून इथं पोचलेल्या शब्दांची तिनं एक यादी केली आहे. ती या देशात टिकली ती त्या यादीमुळे, असं तातय म्हणतात.

त्या रात्रीच्या वहीची बेरीज तेवीस हजार सहाशे चाळीस.

सगळे गेल्यावर पान्सित, म्हणजे इथल्या नूडल्स, विकणारी तीता आली (तीता म्हणजे मावशी). आमची भिशी तिच्याकडे असते. इथं तिला पालुवागान म्हणतात. वीस घरं, दर पंधरवड्याला दोन-दोन हजार, ज्याचा नंबर त्याला चाळीस हजार. १५ मार्चचा पाचवा नंबर तीताचा स्वतःचा होता. आमचा सतरावा, सप्टेंबरात. तिनं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले चाळीस हजार टेबलावर ठेवले. आईनं पेन उघडलं.

“लिहू नकोस,” तीता म्हणाली. “हे माझे नाहीत. तुमचेच आहेत, जरा लवकर आलेत. सप्टेंबरात मी घेईन.”

“तुला कशाला तरी हवे असतील ना आत्ता?”

“नाही गं. पडूनच राहिले असते.”

आईनं पेन बंद केलं. मला करोनाकाळातला एप्रिल २०२१ आठवला. केसोन सिटीत मागिन्हावा रस्त्यावर एका तरुणीनं बांबूची हातगाडी उभी केली होती. शक्य तेवढं द्या, लागेल तेवढं घ्या, अशी पुठ्ठ्यावर पाटी. काही दिवसांत देशभर तशी टेबलं लागली. आमच्या गल्लीतही लागलं. आई मालुंगायच्या, म्हणजे शेवग्याच्या पाल्याच्या जुड्या बांधून ठेवायची. कुणी ठेवलं, कुणी नेलं, लिहून ठेवायला कुणी नसायचं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि मला वाटायचं की मदत म्हणजे अशीच असते.

शुक्रवारी रिपोर्ट मिळाला. आईनं तो चष्मा लावून पूर्ण वाचला, गोष्टीचं पुस्तक वाचावं तसा. उत्पन्नाच्या ओळीवर थांबली.

“माझ्या शिकवण्या यात नाहीत.”

“तिनं विचारलं नाही.”

आईनं कागद पाकिटात घातला. “बुधी,” एवढंच म्हणाली. मराठीत बुद्धी म्हणजे अक्कल. टागालोगमध्ये बुधी म्हणजे मनाची टोचणी. तिनं तो शब्द टागालोगमध्ये उच्चारला होता.

१८ मार्च, सोमवार. समाजकल्याण खात्याचं आमच्या विभागाचं कार्यालय अलाबांगलाच आहे. पहाटे चारला पाळी संपवून थेट रांगेत. मला वाटलं पहिली असेन. पुढं शंभरेक माणसं होती. रांगेचे स्वतःचे कायदे असतात: जागेवर पाण्याची बाटली ठेवून जाता येतं, चप्पलही चालते, पिशवी चालत नाही. माझ्यापुढं बातांगासहून आलेली एक बाई होती, नवरा डायलिसिसवर. तिनं तिच्या पुठ्ठ्याचा अर्धा भाग फाडून मला बसायला दिला. मी आणलेले पांदेसाल, छोटे गोल पाव, दोघींनी खाल्ले. आईला मी कायम सांगते की पाव आणि पांदेसाल भावंडं आहेत, एक पोर्तुगीजांनी आणला, दुसरा स्पॅनिशांनी.

साडेआठला पहिल्या टेबलावर कागद तपासले आणि मला बाजूला काढलं. मेडिकल ॲबस्ट्रॅक्टवर, म्हणजे हॉस्पिटलनं दिलेल्या आजार-उपचाराच्या सारांशावर, डॉक्टरची सही होती, पण परवाना क्रमांक नव्हता. चूक हॉस्पिटलची, आणि ते घेताना न बघणाऱ्या माझीही. दोनशे पेसो भरून तीन दिवसांनी मिळालेला तो कागद होता. तपासणाऱ्या माणसानं दया दाखवली. दुपारी बारापर्यंत नवीन आण, नंबर तुझाच राहील. लॉस बान्योसला जाऊन यायला वेळ नव्हता. कूया ट्रायसिकल घेऊन हॉस्पिटलात गेला, सर्जनबाईंना ओपीडीतून शोधून काढलं, क्रमांक लिहून घेतला आणि कागद घेऊन बसनं अलाबांगला आला. अकरा पन्नास. कागद हातात पडल्यापडल्या तीन गोष्टी बघा: सही, परवाना क्रमांक, तारीख.

मुलाखतीत मला विचारलं, घरात आणखी कोण कमावतं? मी म्हणाले, आई शिकवण्या घेते. त्या बाईंनी पेन्सिलीनं बाजूला काहीतरी लिहिलं. रात्रपाळीचा भत्ता मी तेव्हाही सांगितला नाही. तीस हजारांचं पत्र मिळालं. माझ्यापुढच्या बाईला किती मिळाले ते मी विचारलं नाही, तिनंही मला नाही. जाताना तिनं पुठ्ठा माझ्याकडे दिला, मागच्यासाठी ठेव म्हणाली.

आता बुधवार, २० मार्च. हा भाग लिहायला जड जातो. अंतिम आकडा समोर आला होता. सर्जनबाईंनी स्वतःची फी कमी केल्यावरही तीन लाख बेचाळीस हजार सहाशे. (डॉक्टरांची फी बिलात वेगळी असते. त्यांच्याशी थेट बोला, बरेच जण कमी करतात.) ज्येष्ठ सूट आणि फिलहेल्थ जाऊन दोन लाख बेचाळीस हजार आठशे ऐंशी. साठवण, वही, भिशी आणि अलाबांगचं पत्र वजा केलं तरी चौऱ्याण्णव हजार दोनशे चाळीस उरले. यादीत एक ओळ राहिली होती, एका लोकप्रतिनिधीचं कार्यालय.

कॉलेजात असताना मी अशा पत्रांवर निबंध लिहिला होता. पैसा आरोग्य खात्याचा, म्हणजे आपल्या करांचा. शिफारस यांची, चेहरा यांचा. चांगले मार्क मिळाले होते. आता मी त्याच चेहऱ्याच्या तीन हात उंच फ्लेक्सखाली टोकन घेऊन बसले होते. टेबलावरच्या मुलानं कागद नीट पाहिलेही नाहीत. मतदार यादीत नाव कुठल्या बारांगायचं, घरात मतं किती, हे विचारून वहीत लिहून घेतलं. तीच आईची वही. नाव, आकडा. फरक एवढाच की ही त्यांच्याकडे राहणार होती.

पन्नास हजारांचं पत्र मिळालं. मग त्यानं मला फ्लेक्ससमोर उभं केलं, पत्र छातीशी धरायला लावलं आणि म्हणाला, “आते, हसा.” मी हसले. चांगली हसले. फोनवर अमेरिकन गिऱ्हाइकांशी आवाजात हसू ठेवायचा पगार घेते मी. रात्री तो फोटो फेसबुकवर होता. टीम लीडरनं लाइक केला होता.

घरी तातयना सांगितलं तर म्हणाले, “आपलेच पैसे आहेत. हसलीस तेही फुकट.” आई काही बोलली नाही. मला अजूनही कळत नाही की भत्ता लपवणं आणि तो फोटो यांतलं मला जास्त काय लागलं. भत्त्याबद्दल कुणालाच माहीत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिला, आणि लाज मात्र फोटोचीच जास्त वाटली. हे काही फार चांगलं लक्षण नव्हे.

शुक्रवार, २२ मार्च. उरलेल्या चव्वेचाळीस हजार दोनशे चाळीसचं हमीपत्र. सोबत जामीन लागतो. आईची सही चालेल का, तर परदेशी नागरिक नको म्हणाले. कूयानं सही केली. त्याला स्वतःचं ट्रायसिकलचं कर्ज आहे. मी त्याला कलम वाचून दाखवायला लागले तर म्हणाला, “मला कुठं पळून जायचंय? आणि तू कुठं जाणार?” आठ हप्ते ठरले, पाच हजार पाचशे तीसचे. हप्त्याचा आकडा तुम्ही सांगा, त्यांनी सांगण्याची वाट बघू नका. आम्ही आठ म्हणालो, त्यांनी सहा म्हटलं, समाजसेविका मध्ये पडली, आठ झाले. एप्रिल ते नोव्हेंबर, एकही चुकला नाही. शेवटच्या पावतीबरोबर हमीपत्र परत मागून घ्या.

शनिवारी सकाळी डिस्चार्ज. दारावरच्या रखवालदाराला क्लिअरन्सची चिठ्ठी द्यावी लागते, त्याशिवाय व्हीलचेअर पुढं जात नाही. ती चिठ्ठी त्या सकाळी आईनं ब्लाउजमध्ये ठेवली होती आणि आम्ही पंधरा मिनिटं सगळीकडे शोधत होतो.

पवित्र सप्ताहात गल्लीत पाबासा होती. येशूच्या दुःखाची पद्यकथा रात्रंदिवस आळीपाळीनं गायची, घरमालकानं गाणाऱ्यांना खाऊ घालायचं. आई त्याला पारायण म्हणते, आणि तिचं चुकत नाही. तीताच्याच दारात मांडव होता. तातय पोटाला पट्टा बांधून खुर्चीवर बसले, दोन कडवी म्हणाले, थकले. तीतानं सगळ्यांना लुगाव वाढलं, आल्याची पेज म्हणा. मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तेव्हाच दिसलं असतं.

दिसलं जुलैमध्ये. २४ जुलैला कारिना वादळ आणि त्याच्यासोबतचा मोसमी पाऊस. मनिला पाण्यात होती, इकडं आम्ही घरात अडकलेलो. दुपारी तातय तीताकडे भात द्यायला गेले आणि लगेच परत आले. “चल, आणि दोरी घे.”

तीताच्या घरात अकरा भांडी मांडलेली होती. बादल्या, पान्सितची मोठी पातेली, आंघोळीचा मग. छपराचे पत्रे गंजून चाळण झालेले. मार्चचा तिचा नंबर पत्र्यांसाठी होता, हे तिच्या धाकट्या मुलानं सांगितलं. तिनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो पातेलं रिकामं करायला निघून गेला.

पावसात पत्रे बदलता येत नाहीत. ताडपत्री हवी होती. दुकानं बंद. कूया कोपऱ्यावर गेला आणि विजेच्या खांबावरचा फ्लेक्स सोडवून घेऊन आला. पदवीधरांचं अभिनंदन करणारा, तीन हात उंच. तोच चेहरा. चांगला जाड माल असतो तो, इथल्या निम्म्या गल्ल्या त्याच्यावरच पावसाळा काढतात.

तातयना वर चढायला डॉक्टरांची बंदी होती, म्हणून ते खालून हुकूम सोडत होते. कूया आणि मी शिडीवर. चेहरा वर ठेवायचा की खाली, यावर भर पावसात चर्चा झाली. कूया म्हणाला, वर ठेवू, देवाला दिसेल. तीता आतून ओरडली, “खाली ठेवा. त्यालाही कळू दे कुठं गळतंय ते.”

चार टोकांना दोरी, मध्ये जुना टायर. मी खाली उतरून आत गेले. पत्र्यांच्या भोकांतून त्याचे दात दिसत होते. अकरापैकी आठ भांडी उचलली गेली.